वाळूच्या घराचे पाय

मित्रांनो, मला पाहायचं तर नुसत्या डोळ्यांनी भागणार नाही. खसखशीचा एक दाणा तळहातावर घ्या. तेवढ्या जागेत माझ्यासारखी शेकडो घरं मावतील. मी एक जुनं, रिकामं घर आहे. वाळूच्या कणांचं, पोटात फुगीर, एका टोकाला गोल दार असलेलं. माझ्यात राहणारा जीव कधीच निघून गेला. मी मात्र हैदराबादेतल्या एका कॉलेजच्या लाकडी कपाटात, काचपट्टीवरच्या पिवळ्या पडलेल्या थेंबात, सत्तर वर्षं निजून आहे.

माझ्यात राहायचा तो अमीबा. तुम्ही म्हणाल, अमीबाला कुठलं आलंय घर? पुस्तकातला अमीबा तर उघडावाघडाच असतो. खरं आहे. पण आमच्यातले काही जण घर बांधतात. कुणी अंगातून रस काढून त्याचीच तपकिरी छत्री करतो. कुणी पोटात काचेसारखे खवले घडवतो आणि कौलं शाकारावीत तसे एकावर एक रचतो. आणि काही जण वाळू वेचतात. एका पेशीचा जीव. हात नाही, डोळा नाही, तरी हवा तोच कण उचलतो. त्याला हे कुणी शिकवलं असेल, याचा विचार करत मी कितीतरी वर्षं काढली आहेत.

माझा जन्मही गमतीचा. जिच्यापासून माझा जीव झाला, तिने कितीतरी दिवस आधीच वाळूचे कण गिळून अंगात साठवले होते. बाळ यायचं असलं की आज्या-मावश्या बाळंतविडा शिवून ठेवतात ना, तसे. मग एके दिवशी ती आपल्या दारातून अर्धी बाहेर सरकली. साठवलेले कण बाहेरच्या अंगावर आले, एकमेकांना चिकटले आणि मी तयार झालो. दाराला दार लावून दोन घरं. थोड्या वेळाने दोघं वेगळे झाले. जुनं घर तिच्याकडे राहिलं, नवं बाळाला मिळालं. बांधणारीचा स्पर्श मला तेवढाच.

आमचं गाव म्हणजे बरकतपुऱ्यातल्या एका घराच्या अंगणातलं तुळशीवृंदावन. त्याच्या पायथ्याशी हिरवं शेवाळ होतं, तेच आमचं रान. सकाळी एक तांब्या पाणी यायचं. तुमच्या लेखी तांब्या. आमच्या लेखी आकाश फुटून समुद्र उतरायचा. शेवाळाची पानं माडांसारखी डुलायची. पानांच्या टोकाला थेंब लोंबायचे आणि थेंबाथेंबात एकेक सूर्य उगवायचा. मग जमीन हलकेच थरथरू लागायची. एक पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं. त्या तारामतीबाईंच्या प्रदक्षिणा. ती थरथर अंगात घेत माझा जीव दाराशी यायचा, आणि त्या पाण्यात आम्ही तरंगल्यासारखे पुढे सरकायचो. आम्ही चालायचो की स्वप्नात होतो, हे मला अजून नीटसं सांगता येत नाही.

तारामतीबाईंचा तो नेम होता. रोज एकशे आठ प्रदक्षिणा, बारा वर्षं. नवरा गेला तेव्हा मुलगी शाळेत होती. तिचं शिक्षण व्हावं, तिला कुणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून त्यांनी याच वृंदावनापुढे पाणी सोडलं होतं. संकल्प जिथे सोडला तिथेच पुरा करायचा, दुसऱ्या तुळशीला तो चालत नाही, असं त्यांच्या घरात मानत. अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, शहराची दारं बंद होती, तरी या अंगणातली फेरी चुकली नव्हती.

ती मुलगी म्हणजे इंदुताई. शिकली, आणि हिमायतनगराच्या बाजूला एका मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर झाली. विद्यार्थिनींना सूक्ष्मदर्शक लावून द्यायचा, बेडूक मांडून द्यायचा, असं ते काम. पण तिचा जीव जडला होता कवचवाल्या अमीबांवर. तळ्यांचा गाळ, विहिरींच्या पायऱ्या, भिंतींची ओल, जिथे जाईल तिथून ती चिमूटभर काहीतरी घेऊन यायची. एकदा तिची नजर आमच्यावर गेली.

"आई, नखाएवढं शेवाळ घेऊ का गं वृंदावनाचं?"

"तुळशीला खरवडतात का बाई?" तारामतीबाई हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "लग्नाच्या आधी घासून चुना लावतो ना, तेव्हा ने. तेव्हा ते निघतंच."

तसंच झालं. तुळशीच्या लग्नाआधी, चुना नीट धरावा म्हणून चार दिवस पायथ्याला पाणी लागू देत नसत. तांब्या वरच्या कुंडीतच ओतायचा. आमचं रान सुकलं. शेजारीपाजारी दारं लावून निजले. माझा जीवही आत गोळा होऊन पडला. तो पुन्हा उठला नाही. खराटा आला, आम्ही एका कागदावर पडलो, आणि इंदुताईने कोरडं शेवाळ पाण्यात घातलं तेव्हा माझ्या दारात कुणीच नव्हतं.

तिने मला वेचलं, बाल्सम नावाच्या चिकट डिंकाच्या थेंबात ठेवलं, वर पातळ काच टेकवली आणि चिठ्ठी लिहिली: 'डिफ्लुजिया. वाळूचे घर. बोटांसारखे पाय.'

मित्रांनो, इथे थोडं थांबायला हवं. अमीबाला खरे पाय नसतात. चालायचं असलं की तो अंगच पुढे ढकलतो, त्यांना छद्मपाद म्हणतात. काहींचे छद्मपाद जाड आणि बोथट असतात, भाकरी थापणाऱ्या बोटांसारखे. काहींचे अगदी बारीक, टोकदार, गजऱ्याचा दोरा सुटावा तसे. शास्त्राने आमची घराणी ठरवली ती या पायांवरून. बोटवाले एका घराण्यात, धागेवाले दुसऱ्या. घर वाळूचं की खवल्यांचं, हे त्यानंतर.

इंदुताईला हे पाठ होतं. पण तिच्यापुढे होतं रिकामं घर. पुस्तकातल्या चित्रात वाळूच्या घरातून बोटं बाहेर आलेली. घर तर वाळूचंच. मग आणखी काय पाहायचं? अशीच तिने कितीतरी घरं लावली. दोन वर्षांत सव्वीस जातींचा तक्ता तयार झाला. तिचे वरिष्ठ भगवंतराव भारावून गेले.

"इंदुताई, तक्ता असा हवा! घर पाहिलं की घराणं कळलं पाहिजे!"

पाहुणे आले की कपाटातून मला काढत. कुणी म्हणे, केवढं नाजूक. कुणी म्हणे, तुळशीतलं का, वा. मी खोट्या नावाने मिरवत होतो, पण ते मला तरी कुठे माहीत होतं? पाय हलवायचे दिवस मी विसरून गेलो होतो.

मग छप्पन साल आलं. हैदराबाद राज्याचे तीन भाग व्हायचे ठरले. मराठी मुलूख एकीकडे, कानडी एकीकडे, तेलुगू इथेच. सरकारी माणसांच्या याद्या निघू लागल्या. कॉलेजभर तेच बोलणं. आमच्या प्रयोगशाळेतले उमाजी, पंधरा वर्षं काचा धुणारे गडी, एका दुपारी तावातावाने आले.

"बाई, दफ्तरात विचारलं, जबान कोणती? म्हटलं, देवापुढं मराठी, बाजारात दखनी, घरात बायकोसंग तेलुगू. तर म्हणला, एकच लिहा."

"मग काय लिहिलंत?"

"म्हटलं, बायकोला विचारून सांगतो!" आणि स्वतःच हसले. "हौ, हसताय काय? ती नक्को म्हणली तर माझा मुलूखच जायचा."

इंदुताई हसली, पण तिचं नाव मराठी यादीत होतं. म्हणजे मराठी मुलखात, औरंगाबादेला बदली. हैदराबादेत राहायची एकच वाट होती. इथल्या कॉलेजात लेक्चररची एक जागा भरायची होती. कमिटीने आपण केलेल्या कामाचा कागद मागितला होता, आणि त्यात निदान वीस जाती पक्क्या ओळखलेल्या हव्यात, अशी अट होती. जागा मिळाली तर आईचा नेम पुरा होणार होता. बारांतली दहा वर्षं झाली होती. दोनच उरली होती.

"मिळेल ना गं?" तारामतीबाईंनी एकदाच विचारलं होतं.

"आई, वीस मागितल्यात. माझ्याकडे सव्वीस आहेत."

त्या दिवशी म्हणे त्यांची पावलं हलकी पडत होती.

कागद द्यायचा दिवस दसऱ्यानंतर चार दिवसांनी होता. निघताना तारामतीबाईंनी वृंदावनातली ओली माती चिमूटभर घेतली. कुंकू त्या लावत नसत; रोज तीच माती कपाळी लावत. त्यांनी ती विड्याच्या पानात बांधून लेकीच्या हातात दिली.

"कपाळाला लाव, आणि मग कागद दे."

दुपारी प्रयोगशाळेत शांतता होती. इंदुताई शेवटची नजर टाकायला बसली होती, मी तिच्या उजव्या हाताशी होतो. तिने पान उघडलं, डोळे मिटले, मातीचं बोट कपाळाला लावलं. मग पाहते तर पानाला शेवाळाचा एक हिरवा तुरा चिकटलेला. अजून ओला. तिने तो सवयीने काचेवर ठेवला, थेंबभर पाणी सोडलं आणि डोळा लावला.

बराच वेळ काही नव्हतं. मग शेवाळाच्या आडून एक घर सरकत आलं. वाळूचं, पोटात फुगीर, गोल दाराचं. हुबेहूब मी. आणि त्या दारातून बोट नाही आलं. एक धागा आला. मग दुसरा. इतके बारीक की उजेडच ओढून काढल्यासारखे. एक धागा पुढे फुटला, त्याचे दोन झाले, आणि ते घर त्या धाग्यांवर हलकेच पुढे निघालं.

मित्रांनो, तेव्हा मला आठवलं. माझ्याही दारातून असेच धागे जायचे. तांब्याचं पाणी उतरायचं, जमीन थरथरायची, आणि आम्ही उजेडावर चालायचो. इतकी वर्षं मला बोटं लावून ठेवली होती, आणि मीही ती माझीच समजून बसलो होतो.

"काय दिसलं बाई?" उमाजी काच पुसता पुसता थांबले. "तोंड का उतरलं असं?"

"उमाजी, चुकलं माझं."

"कितीसं?"

"तेच कळत नाही," ती म्हणाली. "एक चुकलं, ते आज दिसलं. बाकीच्यांचं काय?"

तिने सगळ्या काचपट्ट्या मांडल्या आणि ज्यांना आपण जिवंत, चालताना पाहिलं होतं, ते वेगळे केले. दहा निघाले. अकरावा मी, आत्ताच्या या भावंडामुळे. उरलेले पंधरा सगळे रिकामी घरं.

भगवंतराव आले ते घड्याळ पाहतच. "झालं ना? पाच वाजता माणूस न्यायला येतो."

तिने त्यांना सूक्ष्मदर्शकात पाहायला लावलं. ते पाहत राहिले. माणूस जाणता होता, काय झालं ते त्यांना एका नजरेत कळलं. मग ते सरळ झाले आणि आवाज उतरवून म्हणाले, "एवढं एक नाव बदला. बाकीचे पंचवीस राहतात. ते बहुतेक बरोबरच असतील."

"असतील, सर. पण वर 'पक्क्या ओळखलेल्या' असं लिहायचंय."

"अहो, त्या कमिटीत अमीबा कुणी पाहिलाय तरी का?"

"मी पाहिलाय ना, सर. आत्ताच."

भगवंतराव खुर्चीत बसले. "तुमच्या आईंचं काय? दोन वर्षं राहिलीत म्हणाला होतात."

पानातली माती सुकत आली होती, ती इंदुताईने बोटाने जरा गोळा केली. मग पट्टी घेतली आणि तक्त्याच्या उजव्या कडेला एक उभी रेघ ओढली. नव्या रकान्यावर लिहिलं: 'पाय पाहिले का?' मग वरून खाली उतरत गेली. होय. नाही. नाही. होय. तिचं अक्षर सुंदर होतं, पण 'नाही' लिहिताना टाक जरा अडखळत होता. माझ्यापुढे 'होय' आलं, आणि माझं नाव खोडून नवं आलं: स्यूडोडिफ्लुजिया, वाळूच्याच घरातला पण धाग्यांच्या पायांचा. खाली बेरीज. अकरा.

"इंदुताई, हे तुम्ही स्वतःच्या हाताने करताय," भगवंतराव म्हणाले.

"हो, सर."

पाच वाजता माणूस आला आणि कागद घेऊन गेला.

तिने आईला लगेच काही सांगितलं नाही. दिवाळी तोंडावर आली होती, नवं राज्यही त्याच आठवड्यात येणार होतं. चुकीच्या चिठ्ठ्या बदलायला म्हणून ती पंधरा काचपट्ट्या आणि सोबत मला, लाकडी पेटीतून घरी घेऊन आली होती. कामावरून आल्यावर ओसरीत बसून रोज एक-दोन खरवडायची. नवव्या दिवशी कमिटीचं पत्र आलं. एकच ओळ: काम अपूर्ण, विचार करता येत नाही. ते पत्र पेटीखाली ठेवून ती चिठ्ठी खरवडत बसली.

तारामतीबाई चकल्यांचं पीठ मळत होत्या. "किती दिवस बघतेय. काय खोडतेस एवढं?"

"नावं."

"कोणाची?"

"ज्यांची मला माहीत नाहीत, त्यांची." आणि मग तिचा बांध फुटला. सगळं सांगितलं. चुन्याच्या दिवशीचं कोरडं शेवाळ, धाग्यांचे पाय, रकाना, अकरा. "मी गप्प बसले असते तर तुझा नेम पुरा झाला असता गं आई. तुझी दोन वर्षं मी घालवली."

तारामतीबाईंनी परातीतून हात काढले. पिठाचे हात तसेच धरून त्या ओसरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. माझ्या जवळच त्यांची पावलं होती. दहा वर्षं ज्यांची थरथर आमच्या रानाने अंगावर घेतली, ती पावलं मी पहिल्यांदाच इतकी स्थिर पाहिली.

"पंधरांपुढे 'नाही' लिहिलंस?"

"लिहिलं."

"हात नाही कापला?"

"कापला."

"कापणारच. औरंगाबादेला कधी हजर व्हायचंय?"

"दिवाळी झाली की. पण तू इथे राहा, आई. मी एकटी राहीन तिथे. दोनच तर वर्षं."

"एकटी कशाला राहशील? नेम तुझ्यासाठी धरला होता, तुला सोडण्यासाठी नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आज जाऊन तुळशीला सांगते, बाई, माझी दहाच भरली. बारा म्हणणार नाही. तुझी अकरा, माझी दहा. जे झालं तेवढंच सांगायचं. बाकीचं देव बघेल."

आणि त्या पुन्हा पीठ मळायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या पंधरांचं पुढे काय गं? त्यांना पाहायला ओलं शेवाळ लागेल ना? औरंगाबादेस कुठे मिळतं ते विचारून ठेव." इंदुताई रडता रडता हसली.

दिवाळीनंतर काचीगुडा स्टेशनावरून त्या दोघी गेल्या. मी कॉलेजचा माल, मला नेता आलं नाही. उमाजींनी पेटी परत कपाटात ठेवली. "ह्या पट्टीचं नाव आता बराबर हाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि कप्पा लोटला. उमाजींनी शेवटी कोणती जबान लिहिली, ते मला कळलं नाही. पण काचा धुवायला ते इथेच राहिले, म्हणजे बायकोने काय सांगितलं असेल ते ओळखा.

पुढे कपाट भिंतीकडे सरकलं. त्याच्यापुढे मोडकी बाकं आली. कितीतरी वर्षं माझ्यावर उजेड पडला नाही. अधूनमधून कानावर येतं की आता शास्त्रज्ञ पेशीच्या आतला मजकूर वाचतात. ते सांगतात, बोटवाले आणि धागेवाले एकमेकांचे फार फार दूरचे. वाळूचं घर दोघांनी आपापलं, वेगवेगळं शोधलं. मला ते ऐकून बरं वाटतं. झोपेत कुणीतरी पांघरूण नीट करावं, तसं.

मित्रांनो, कधी त्या कपाटापर्यंत आलात, तर मला हळू काढा. काच मधे धरू नका, कडेने धरा; तुमच्या बोटाचा ठसा माझ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. चिठ्ठी सुटत आली असेल तर नीट चिकटवा. आणि माझ्यासारखं एखादं रिकामं घर तुम्हाला सापडलं, तर आत कोण राहत होतं ते लगेच लिहून टाकू नका. ओलं शेवाळ आणा. एक थेंब पाणी सोडा. डोळा लावून स्वस्थ बसा. दाराशी कुणीतरी येईल. नाहीच आलं, तर तसं लिहा, आणि जागा मोकळी ठेवा.